जोडीचा आकडा

भालखारात समुद्र शिरला तो २०७१ साली, सर्वपित्री अमावास्येला, भर दुपारी. घरोघर पितरांची पानं वाढून झाली होती आणि माणसं कावळ्याची वाट बघत होती. कावळ्याच्या आधी समुद्र जेवून गेला, असं पुढे कितीतरी वर्षं लोक म्हणत.

त्याआधी भालखारसारखं नशीबवान गाव किनाऱ्यावर नाही, असंच सगळे समजत. रायगडच्या खाडीकाठची गावं एकामागून एक उठत होती. पन्नास वर्षांत समुद्र माणसाच्या मांडीइतका वर चढला होता. भातशेतांची मिठागरं झाली होती आणि मिठागरांची खाडी. भालखार तेवढं बांधाआड तगून होतं. भरतीच्या वेळी गावच्या देवळापाशी उभं राहिलं की बांधापलीकडून जाणाऱ्या होड्या डोक्याच्याही वरून चालल्यासारख्या दिसत. नवखा पाहुणा ते पाहून हातातला घास विसरे. गावच्या पोरांना त्याचं काही वाटत नसे.

बांध समुद्राला अडवतो, पण पाणी काही एकाच वाटेने येत नाही. ते जमिनीखालून पाझरतं, आभाळातून कोसळतं. ते उपसून बाहेर टाकण्यासाठी गावाच्या टोकाला पंपघर होतं. तिथून माणूस उभा मावेल एवढे नळ बांधातून पलीकडे गेले होते. पंप चालू असेपर्यंत त्या नळांतून गावचं पाणी समुद्रात जाई. भरतीला पंप थांबले तर त्याच नळांतून समुद्र उलटा गावात येई, आणि नळांची पोलादी झाकणं मिटायलाही वीजच लागे. म्हणजे सगळा गाव त्या विजेवर श्वास घेत होता.

ही वीज दोन यंत्रं पुरवत. घरांच्या छपरांवरचे सौरपत्रे दिवसभर बॅटऱ्या भरत. पण बॅटरीतली वीज सरळ एकाच दिशेने वाहते आणि पंपांना हवी असते ती लाटेसारखी पुढे-मागे झुलणारी. सरळ विजेला झुलायला लावणारं यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. सायली म्हात्रे लहान होती तेव्हा असा एक इन्व्हर्टर त्यांच्याही घरात होता. जिन्याखाली बसलेला, वर कणकेचा डबा ठेवलेला, वीज गेली की घुर्रर्र करून जागा होणारा. पंपघरातले दोघे मात्र कपाटाएवढे उंच होते. पंपांचा भार एकट्याला पेलणारा नव्हता असं नाही; नेहमी एकट्याने पेलू नये म्हणून दोघे जोडले होते. एक बिघडलाच तर दुसऱ्याने गाव तारून न्यावं, हा त्यामागचा सगळा हिशेब.

दोन इन्व्हर्टर जोडणं हे काम नाजूक असतं. दोघांच्या लाटा अगदी एकाच क्षणी उठाव्या आणि एकाच क्षणी पडाव्या लागतात. जुन्या काळी त्यासाठी एकाला पुढारी करत आणि दुसरा त्याच्या मागून चाले. पुढारी कोलमडला की मागचाही पडे. म्हणून पुढे 'सोबती' जातीची यंत्रं आली. त्यांच्यात पुढारी कुणीच नसे. प्रत्येक यंत्र आपल्या जोडीदाराचे स्वभाव शिकत राही: तो दुपारी तापतो का, जड पंप उचलताना दमतो का. आणि त्याचं जिथे उणं पडेल तिथे न सांगता भर घाली. या शिकलेल्या गुणाला किनारा मंडळाचे लोक 'सांभाळ' म्हणत.

या सोबत्यांवर नजर ठेवायला माणसांचीही जोडीच होती, सायली आणि तिचा नवरा कल्पेश. ती सदुसष्ट वर्षांची, तो एकाहत्तरचा. दोघांनी तरुणपणी बांधावर माती वाहिली होती आणि म्हातारपणी ती त्याच बांधाच्या पोटाशी बसून बटणं दाबत होती. काम तसं सोपं होतं. सायली म्हणे, "मी पंप बघत नाही, ऐकते." खरं म्हणजे ती पायांनी ऐके. चपला काढून ती फरशीवर उभी राही. पंपांची थरथर तळव्यांतून वर येई आणि तिला कळे, आज तिसरा पंप जरा कुरकुरतोय.

अमावास्या आठवड्यावर आली तेव्हा मुग्धा कारखानीस बोटीने गावात आली. किनारा मंडळाची इंजिनिअर, सोबती यंत्रांवरच शिकलेली, पस्तिशीच्या आतली. पंप सुरू झाला की वरच्या आळीतले दिवे डोळे मिचकावल्यासारखे करतात, अशी तक्रार सरपंचांनी धाडली होती.

ती पंपघरात आली आणि यंत्रांआधी तिला मांजर दिसलं. दोन्ही यंत्रांना जोडणाऱ्या जाड केबलीवर ते अंग मुडपून झोपलं होतं.

"हे कोण?"

"बोय," कल्पेश हसून म्हणाला. "बोय मासा सोडून दुसरं खात नाही. नवाब आहे."

"इथेच झोपतो?"

"पावसात दुसरीकडे जाईल कशाला? तिथे ऊब असते," सायली म्हणाली.

मुग्धाच्या कपाळाला आठी पडली. तिने मांजराला उचलून सायलीच्या हातात दिलं आणि केबलीवर तळवा ठेवला. मग पिशवीतून टाँग टेस्टर काढला, केबलीला चिमट्यासारखं धरून आतला प्रवाह मोजणारं मीटर, आणि यंत्रांच्या मागे वाकून काहीतरी बोलली. सायलीला शब्द लागले नाहीत. या शहरातल्या पोरी अर्धे शब्द गिळतातच.

"ती विचारते, ऊब कधीपासून लागते गो," कल्पेश हळूच म्हणाला.

"गेल्या पावसापासून असेल," सायलीने मोठ्याने सांगितलं.

मुग्धा उठून उभी राहिली. "आजी, या केबलीतून दोघांत नुसता निरोप जायला हवा. तू किती उचललंस, मी किती उचललं, एवढंच. निरोपाने केबल तापत नाही. इथे खरा प्रवाह खेळतोय. एकजण दुसऱ्याला वीज पाजतोय."

"पण पट्टीवर तर निम्मं-निम्मं दिसतं." सायलीने बोट दाखवलं. दोन्ही कपाटांवर हिरवे दिवे होते आणि पन्नास-पन्नासचे आकडे.

"तो जोडीचा आकडा आहे. दोघांनी मिळून किती उचललं, त्याचे दोन सारखे भाग करून दाखवतात. कुणाचं खरं किती, ते पट्टी सांगत नाही."

"आणि तुमचा चिमटा?"

"चिमटा सांगतो प्रवाह किती. देणारा कोण आणि घेणारा कोण, ते नाही सांगत."

सायली मांजराला कुरवाळत म्हणाली, "आमच्याकडे बांधाला खांड पडायची ना, म्हणजे भगदाड पडायचं, तेव्हा दोन माणसं मिळून चिखल वाहायची. खांद्यावर काठी, काठीला दोर, दोराला चिखलाची पाटी. चालता चालता जोडीदार दमला असं वाटलं की दोर हळूच आपल्याकडे सरकवायचा. त्याचा भार उतरतो, आपल्यावर येतो. पण तोंडाने एक शब्द काढायचा नाही. जोडीदाराचं उणं चारचौघांत काढणाऱ्याला बांधावर परत कुणी जोडीला घेत नसे."

मुग्धा तिच्याकडे वळली. "म्हणजे दप्तरात वाचलं ते तुमच्याच गावाने सांगितलं होतं. आठवतं का, यंत्रं बसवली तेव्हा? एकाची ताकद जराशी कमी पडली तरी अलार्म वाजवायचा का, असं मंडळाने विचारलं होतं."

"आणि यांनीच उठून उत्तर दिलं होतं," सायली कौतुकाने म्हणाली. "जोडीदाराची चहाडी करणारं मशीन आमच्या गावात नको. सगळ्या सभेने टाळ्या वाजवल्या."

कल्पेश खिशातल्या फडक्याने पट्टीची काच पुसत होता. तो दिवसभर हेच करी. काच पुसायची, हिरवं बटण पुसायचं, परत काच. टाळ्यांचं नाव निघताच त्याने मान वर केली आणि कुणाला टाळ्या, असं विचारल्यासारखा हसला.

"आजोबा, उधाणाला पंप कोणत्या क्रमाने लावता?" मुग्धाने त्याला सहज विचारलं.

"आधी मधला, मग कडेचे दोन," सायली त्याच्या आधीच बोलून गेली. "ते नेहमी तसंच करतात. तुम्ही चहा घेणार ना?"

चहा पिता पिता मुग्धाने बेत सांगितला. जोडी फोडायची. एक यंत्र बंद ठेवून दुसऱ्यावर सगळा भार टाकायचा, मग त्याच्या उलट. शेवटी दोघांच्या जागा बदलायच्या. दोष यंत्राबरोबर गेला तर यंत्राचा, जागीच राहिला तर तारांचा. बिघाड शोधायची याहून जुनी आणि खात्रीची रीत नाही.

"आणि जो नापास होईल तो?"

"कदाचित जागच्या जागी जळेल. मग हाताशी एकच यंत्र. एका यंत्रावर गाव ठेवायला नियमाने परवानगी नाही. नवं येईपर्यंत सगळ्यांना पेणच्या छावणीत जावं लागेल." मग कपातल्या चहाकडे पाहत ती म्हणाली, "अजून एक आहे. यंत्रांची जोडी फोडली की चालकांच्या जोडीचीही परीक्षा घ्यायची असते. एकेकट्याने. वेगळ्या खोलीत."

सायलीने कल्पेशकडे पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी कल्पेश भाजी घ्यायला गेला आणि घर विसरला. त्यानंतर एकेक गळत गेलं. वार गेले, भावांची नावं गेली, पंपांचा क्रम गेला. सायलीने कुणाला कळू दिलं नाही. त्याच्याकडे प्रश्न आला की उत्तर ती देई. तो अडखळला की ती हसून विषय बदले. पंपघरात त्याला फडकं देऊन ठेवलं होतं, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस कामात आहे. परीक्षा झाली असती तर पहिल्याच प्रश्नाला तो उघडा पडला असता. विसरणाऱ्यांना मंडळ पनवेलच्या स्मृतिनिवासात पाठवी. तिथे जोडीदाराला राहू देत नसत.

सरपंच प्रीतम भोईर डोकावला तो तेवढ्यात. पोट सुटलेला, बडबड्या माणूस. "काय इंजिनिअरबाई, आमच्या म्हाताऱ्यांना धारेवर धरलंय?"

मुग्धाने त्याला सगळं सांगितलं. छावणीचं नाव निघताच त्याचा चेहरा पडला. "बाई, माझी आई अंथरुणाला खिळलेली. आणि सर्वपित्री तोंडावर. पितर वर्षातून एकदा जेवायला येणार आणि दाराला कुलूप? आमचा आजा तर कुलूप तोडून आत शिरेल, पण बाकीचे उपाशी जातील त्याचं काय?"

सगळे हसले. मुग्धाही हसली, पण तिचा हात केबलीवरच होता. सांधे तिने पाना लावून घट्ट केले होते आणि ऊब थोडी उतरली होती. कदाचित सांधाच ढिला असेल. कदाचित नसेल. उधाणाच्या तोंडावर जोडी फोडावी तर एक यंत्र हकनाक जळायची भीती. न फोडावी तर आत काय आहे ते अंधारात. ती सायलीकडे वळली आणि नीट समोर बघून म्हणाली, "आजी, एकच सांगा. बिघाड मोठा असेल तर कितीही सैल ठेवला तरी अलार्म वाजतोच. कधी वाजला?"

"नाही," सायली म्हणाली. "पहिली काही वर्षं कधीमधी वाजायचा. आता बरीच वर्षं झाली. एकदासुद्धा नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. देवावर हात ठेवून सांगायची तिची तयारी होती.

"आजोबा?"

कल्पेशने फडकं थांबवलं. सायलीकडे पाहिलं, बराच वेळ, जसं गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यावर पाहतात तसं.

"ती म्हणते तसंच," तो म्हणाला. "नाही वाजला."

मुग्धाने सुस्कारा सोडला. परीक्षा अमावास्येनंतर, नवं यंत्र घेऊन बोट आली की करायची, असं ठरलं. तोवर ती गावातच राहणार होती. म्हाताऱ्याला काही आठवत नाही, हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं. पण म्हातारीची नजर पाहून तिने तो विषय काढला नाही. तिनेही दोर थोडा आपल्याकडे सरकवला.

संध्याकाळी दोघं ओट्यावर बसली होती. बांधावर ऊन कलत होतं. सायलीला जुने दिवस आठवत होते. याच बांधाखाली भात सोनेरी व्हायचं, मळणीच्या वेळी खाजणाच्या खाऱ्या दलदलीतून टिटव्यांचा नुसता कल्लोळ असायचा. लग्न होऊन आली तेव्हा त्या आवाजाने तिला झोप लागत नसे. कल्पेश म्हणे, टिटवीला वाटतं आभाळ पडेल, म्हणून ती पाय वर करून झोपते. तू पण तशीच झोप.

"टिटव्या ओरडतायत बघ," कल्पेश म्हणाला.

पनवेल फार लांब नाही, असं सायलीला वाटून गेलं. "कुठल्या टिटव्या? पाणी चढलं तशा गेल्या त्या. किती वर्षं झाली, एक ऐकली नाही."

त्याने खाजणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हो," तो म्हणाला. "गेल्या."

अमावास्येला सकाळपासून पाऊस धरला होता. उधाणाची भरती दुपारी होती. समुद्र बांधाच्या माथ्याशी आला. सगळे पंप पूर्ण जोराने लावले होते. मुग्धा बांधावर नळांची तोंडं बघायला गेली होती. सायली अनवाणी पायांनी पट्टीसमोर उभी होती. तळव्यांखाली फरशी नेहमीपेक्षा जोरात थरथरत होती, पण पट्टीवर हिरवे दिवे आणि पन्नास-पन्नास. मांजर केबलीवर नव्हतं. ते दाराशी उभं होतं, कान मागे पाडून.

कल्पेश तिच्या मागून आला, तिच्या खांद्यावरून हात पुढे नेला आणि हिरवं बटण फडक्याने पुसलं. थोड्या वेळाने परत आला, परत पुसलं. मग परत. आज यांना बटणाने काय वेड लावलंय, असं तिला वाटलं. पण त्याचा हात खांद्याला लागला की बरं वाटे, म्हणून ती काही बोलली नाही.

दार धाडकन उघडलं. मुग्धा आत आली, नखशिखांत भिजलेली, दोन्ही हात कानांवर. तिचं तोंड हलत होतं. सायलीने तिच्या ओठांकडे पाहिलं.

"वाजतोय! कधीपासून वाजतोय हा?"

"काय वाजतंय?" सायलीने विचारलं.

मुग्धाने भोंग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पट्टीच्या माथ्यावरचं भोंग्याचं तोंड सायलीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होतं. त्यातून कानाचे पडदे फाटतील अशी बारीक, उंच शिटी सुटली होती आणि ही बाई शांत उभी राहून काय वाजतंय म्हणून विचारत होती. कल्पेश पुढे झाला. अंगठा बटणावर ठेवला. शिटी थांबली. मुग्धाकडे वळून, मोठ्या माणसाने लहान मुलाला समजवावं तसा तो म्हणाला, "तिला ऐकू येत नाही. तिला सांगू नका हां. वाईट वाटेल तिला."

सायलीने ते शब्द ओठांवरून वाचले.

मग फरशीची थरथर थांबली. पन्नास-पन्नासचे आकडे क्षणभर तसेच राहिले आणि दोन्ही पट्ट्या एकदमच काळ्या झाल्या.

पाण्याने किती वेळ घेतला ते कुणी मोजलं नाही. नळांतून समुद्र उभ्या माणसाच्या उंचीने आत आला. वरच्या आळीतली माणसं शाळेच्या गच्चीवर चढली. खालच्या आळीतल्या सगळ्यांना ते जमलं नाही. प्रीतम भोईर दोन शेजाऱ्यांना वर पोहोचवून आईसाठी परत घरात गेला. ती दोघंही ओहोटीला सापडली, आईचे हात त्याच्या गळ्यात. देवळापाशी पितरांची पानं तरंगत होती.

आठवडाभराने पाणी उतरलं तेव्हा मुग्धाने दोन्ही यंत्रं मुख्यालयात नेली, सुकवली, आणि जी परीक्षा आधी घ्यायची होती ती घेतली. एकेकट्याने. पहिल्या यंत्राला निम्म्याहून कमी भार पेलवेना; त्याच्या पोटातले भाग कित्येक वर्षांपूर्वीच सुकून गेले होते. दुसरा त्याचा भार ओढून ओढून भाजला होता, आणि दुपारी तो तापला की पहिलाच, अर्धमेला, त्याला हात देत होता. दोघांपैकी एकही गाव तारू शकला नसता. दोघे मिळून मात्र रोज पन्नास-पन्नास दाखवत होते. अलार्म वाजला आणि कुणी हिरवं बटण दाबलं की यंत्र तो अलार्म विसरून जाई, पण त्यातून घेतलेला धडा विसरत नसे: एवढं उणं या माणसांना चालतं. पुढच्या वेळी ते आणखी थोडं झाकून घेई.

माणसांची परीक्षाही झाली. सायलीने विचारलेलं सगळं बिनचूक सांगितलं; पण बारीक, उंच आवाज तेवढे तिच्या कानातून कधीच गेले होते, आणि पाठीमागे भोंगा वाजत असताना ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसून राहिली. कल्पेशला साल सांगता आलं नाही, गावाचं नाव सांगता आलं नाही. भोंगा वाजताच मात्र त्याचा अंगठा टेबलावर काहीतरी शोधू लागला. त्याला आवाज ऐकू येई, अर्थ कळत नसे. तिला अर्थ कळत होता, आवाज येत नव्हता. दोघांचा मिळून एक चांगला चालक होत होता. अलार्मबद्दल त्या चालकाने जाणूनबुजून कधीच काही लपवलं नव्हतं.

भालखार पुन्हा वसलं नाही. नळ काढून घेतले, बांध तसाच सोडला.

मुग्धाने चौकशीत सगळा दोष आपल्याकडे घेतला आणि नोकरी सोडली नाही. ती म्हणे, सोडणं सोपं होतं. तिच्या अहवालावरून मंडळाने नियम केला की कोणतीही जोडी वर्षातून एकदा फोडून एकेकट्याने तपासायची. आधी तो यंत्रांपुरता होता, मग चालकांना लागला. पुढे किनाऱ्यावर एकत्र राहणाऱ्या सगळ्याच म्हाताऱ्या जोडप्यांना लागला. त्याने माणसं वाचली, हे खरंच आहे. पण तपासणीची बोट दिसली की गावोगाव म्हातारी माणसं दारं लावून आत बसू लागली आणि एकमेकांना उत्तरं पढवू लागली. ज्यांचं सगळं ठीक होतं तीसुद्धा. मुग्धा शेवटपर्यंत एकटीच राहिली. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

बोय मांजर बोटीतून पेणला गेलं आणि छावणीच्या स्वयंपाकघरात जाड झालं.

कल्पेशला पनवेलला ठेवलं. सायलीला पेणच्या छावणीत खोली मिळाली आणि सरकारी कानयंत्र. ते कानात बसवून ती पहिल्यांदा बाहेर आली, तर आभाळभर टिटव्या ओरडत होत्या. पेणच्या खाजणात त्या पूर्वीइतक्याच होत्या. ती दाराला धरून खाली बसली, आणि लोकांना वाटलं, तिला घेरी आली.

महिन्यातून एकदा तिला पनवेलला जाता येई. तो तिला ओळखत नसे, पण शेजारी बसू देई. भेटीची वेळ संपली की तिथे घंटा होई. पहिल्या भेटीला घंटा वाजली तेव्हा सायली दचकली. कल्पेशने तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, फडक्याच्या कोपऱ्याने मनगट पुसलं, आणि घंटा थांबेपर्यंत त्यावर अंगठा दाबून धरला.

"नाही वाजत काही," तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात तो गेला. सायली पुढे बरीच वर्षं जगली. कानयंत्र ती घाली, पण घंटांच्या वेळी काढून ठेवी.